मेहरबाई टाटा: वेल्समधला उपचार, परळमधलं हॉस्पिटल आणि त्या हिऱ्याची खरी टाइमलाइन

नंदुरबार, नवापूर किंवा शहाद्यातल्या घरात कॅन्सरचं निदान झालं की पहिल्या तासाभरात दोन गोष्टी ठरतात. फाईल घेऊन सोबत कोण जाणार आणि गाडी कुठली पकडायची. सुरतला जायचं की थेट मुंबईला, परळच्या टाटाला? घरातलं कुणी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असेल, तर तिसरा प्रश्नही फोनवर येतो: पेशंटला बाहेर नेलं तर?

बरोबर याच प्रश्नापुढे १९३० मध्ये देशातलं सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक घराणं उभं होतं. पेशंटचं नाव होतं लेडी मेहरबाई दोराबजी टाटा. आजार ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्यांच्यापुढे परळचा पर्याय नव्हता, कारण परळचं टाटा हॉस्पिटल तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते त्यांच्यानंतर उभं राहिलं.

मेहरबाईंबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. कोहिनूरपेक्षा मोठा हिरा, तो गहाण टाकून कामगारांचे पगार, मग तोच विकून कॅन्सर हॉस्पिटल. त्यात बरंच खरं आहे, पण घटनांचा क्रम आणि कारणं एकमेकांत मिसळली आहेत. ती वेगळी केली तर परदेशातल्या उपचारांबद्दलही बरंच कळतं.

कोण होत्या मेहरबाई?

जन्म १० ऑक्टोबर १८७९, मुंबई. वडील होरमसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी झाले आणि कुटुंब बंगळूरला गेलं. मेहरबाईंचं शिक्षण तिथेच झालं. जमशेदजी टाटांची भाभा कुटुंबाशी ओळख होती. थोरला मुलगा दोराबजी कामानिमित्त म्हैसूरला निघाला, तेव्हा भाभांच्या घरी जाऊन यायला त्यांनी त्याला आवर्जून सांगितलं. त्यामागे काय मनात होतं हे उघड आहे. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी लग्न झालं. दोराबजी तेव्हा ३८ वर्षांचे, मेहरबाई १८ वर्षांच्या. वीस वर्षांचं अंतर असूनही हा संसार एकमेकांच्या आवडींवर चांगला जमला, असं दोघांचं पुढचं आयुष्य पाहून म्हणता येतं. त्यांना मूलबाळ झालं नाही.

दोघांनाही खेळांचं वेड होतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावणाऱ्या खेळाडूंना पाहून दोराबजींनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी भारतीय संघ पाठवायला पैसे उभे केले. मेहरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि साठाहून अधिक बक्षिसं त्यांच्या नावावर होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी मोहम्मद सलीम यांच्या जोडीला त्यांचं नाव नोंदलं गेलं होतं.

त्यांची खरी कामगिरी मात्र सार्वजनिक कामातली. मुलींचं शिक्षण, स्त्रियांना मतदानाचा हक्क, पडदा पद्धत बंद करणं या विषयांवर त्या बोलत. १९२५ मध्ये नॅशनल काउन्सिल ऑफ विमेन इन इंडिया ही संस्था सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९२७ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक कॉलेजात जाऊन त्यांनी भारतातल्या विवाह कायद्याची बाजू मांडली. १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा झाला, त्याच्या तयारीत त्यांचा सल्ला घेतला गेला होता. त्या केवळ उद्योगपतीची पत्नी नव्हत्या. व्हायरल मेसेजमध्ये मात्र त्या फक्त हिरा घातलेल्या दिसतात.

हिऱ्याचं नेमकं काय झालं?

१८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफोंटेन खाणीत एक प्रचंड खडा सापडला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला १८९७ मध्ये साठ वर्षं झाली, म्हणून पैलू पाडलेल्या हिऱ्याचं नाव ज्युबिली ठेवलं गेलं. वजन २४५.३५ कॅरेट. आजचा कोहिनूर साधारण १०५ कॅरेटचा आहे, म्हणजे ज्युबिली त्याच्या दुपटीहून मोठा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तो मांडला होता. दोराबजींनी तो लंडनच्या व्यापाऱ्यांकडून सुमारे १ लाख पौंडांना घेतला. त्या वेळी एका पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे किंमत झाली साधारण १५ लाख रुपये.

आता १९२४. पहिलं महायुद्ध संपल्यावर पोलादाचे भाव पडले होते, जमशेदपूरच्या कारखान्याचा विस्तार अर्ध्यात होता आणि पगारालाही पैसे नाहीत अशी वेळ आली. दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता, सुमारे १ कोटी रुपयांची, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभं केलं. त्या तारणात ज्युबिली हिराही होता. कंपनी सावरली, कर्ज फिटलं, हिरा परत आला.

म्हणजे हिरा गहाण पडला तो पोलाद कारखान्यासाठी. त्याचा कॅन्सरशी संबंध नव्हता. मेहरबाईंचं आजारपण सुरू झालं त्याच्या सहा वर्षांनी. उपचारांसाठी हिरा विकल्याचंही काही पोस्टमध्ये दिसतं, तेही चूक. त्या हयात असताना हिरा घरातच होता.

टाटांच्या पैशाची गोष्ट सांगताना मुळशी वगळणं बरोबर नाही. याच दोराबजींच्या काळात, १९२१ मध्ये, वीज प्रकल्पाच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. सरदार सरोवरात गावं गेलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या वाचकांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. दान मोठं होतंच. ज्या उद्योगातून ते आलं, त्याची किंमत कुणीतरी मोजली होती, हेही खरं.

परदेशी जाणं हा टाटा घराण्याचा पायंडाच होता

आजारी पडलं की युरोप गाठायचं, हे त्या काळच्या श्रीमंत भारतीय घरांमध्ये ठरलेलं होतं. टाटांच्या घरात ते इतक्या वेळा झालं की यादीच होते. जमशेदजी तब्येतीसाठी युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे वारले. धाकटे चिरंजीव सर रतन टाटा ५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ज इथे गेले. दोघांनाही लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत ठेवलं आहे. मुंबईत गिरण्या आणि ताजमहाल हॉटेल उभी करणाऱ्या घराण्यातली ही माणसं शेवटी सरेमधल्या मातीत आहेत.

पैशांच्या बाजूने त्या काळात परदेशी उपचार आजच्यापेक्षा सोपे होते, हे वाचून आश्चर्य वाटेल. अर्थात पैसे असतील तर. १९२७ पासून रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता. हिशेब केला तर एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. रोज बदलणारा भाव नाही, परवानगीचा अर्ज नाही. रिझर्व्ह बँकच १९३५ मध्ये आली. मुंबईतल्या बँकेत रुपये भरायचे आणि लंडनच्या शाखेत पौंड घ्यायचे. परकीय चलनावर सरकारी नियंत्रण सुरू झालं ते दुसऱ्या महायुद्धाबरोबर, १९३९ मध्ये.

अडचण होती ती वेळेची. लंडन-कराची विमानसेवा १९२९ मध्ये सुरू झाली होती, पण मुंबईहून युरोप म्हणजे बहुतेकांसाठी अजूनही जहाजच. एडन, सुएझ, मार्सेलिस असा काही आठवड्यांचा प्रवास. रक्ताच्या कॅन्सरमध्ये काही आठवडे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात हा आजार झाला आहे त्यांना माहीत आहे.

१९३१ मध्ये ल्युकेमियावर उपचार काय होता?

खरं उत्तर: फारसा नव्हताच. आजाराला नाव मिळून ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांनी १८४७ मध्ये ते दिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहून निदान करता येई. पण औषध म्हणून हाताशी होतं ते सोमल, म्हणजे आर्सेनिकचं पातळ द्रावण. सुजलेल्या प्लीहेवर क्ष-किरण देत, काही ठिकाणी रेडियम वापरत. रक्त चढवण्याची पद्धत होती, पण आजच्यासारख्या रक्तपेढ्या नव्हत्या. या उपायांनी काही रुग्णांना काही काळ आराम पडे. तीव्र स्वरूपाचा ल्युकेमिया असेल तर तेवढंही नाही.

या आजारात औषधाने कॅन्सर तात्पुरता का होईना मागे हटतो, हे पहिल्यांदा दिसलं १९४७-४८ मध्ये. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी लहान मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं, तेव्हा. मेहरबाईंना गाठायला ते सोळा वर्षं उशिरा आलं.

इथे परदेशी उपचारांबद्दलचा मूळ मुद्दा दिसतो, आणि तो आजही तसाच आहे. परदेशात गेल्यावर पैशाने मिळतं ते तिथे उपलब्ध असलेलं. चांगलं निदान, चांगली शुश्रूषा, नवं यंत्र. पण जगात कुठेच नसलेला उपचार कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. टाटांकडे पैसा होता, संपर्क होते, लंडनमध्ये कचेरी होती. नियोजनात कुठे कमी पडलं असं दिसत नाही.

मेहरबाई शेवटी उत्तर वेल्समधल्या रुथिन गावातल्या नर्सिंग होममध्ये होत्या. तिथल्या किल्ल्यात चालणाऱ्या खासगी क्लिनिकमुळे हे लहानसं गाव तेव्हा पैसेवाल्या रुग्णांना माहीत होतं. १८ जून १९३१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय ५१. सासरे आणि दीर होते त्या ब्रुकवुडमध्येच त्यांना ठेवण्यात आलं.

दोराबजींनी पुढच्या दहा महिन्यांत काय केलं?

दोराबजी तेव्हा ७१ वर्षांचे होते, तब्येत खालावलेली. शोकात बुडालेल्या म्हाताऱ्या नवऱ्याने पत्नीच्या नावाने एखादी इमारत बांधली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी जे केलं ते जास्त विचारपूर्वक होतं.

मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली सगळी संपत्ती एका ट्रस्टच्या नावे केली. कंपन्यांचे शेअर, घरं-जमिनी आणि मेहरबाईंचे दागिने, सगळं. हाच सर दोराबजी टाटा ट्रस्ट. मदत देताना जात, धर्म, देश पाहायचा नाही अशी त्याची रचना होती. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९३२ मध्ये, दुसरा ट्रस्ट केला. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. याचं काम एकच, ल्युकेमिया आणि रक्ताच्या आजारांवरच्या संशोधनाला पैसा देणं. गंमत म्हणजे या ट्रस्टच्या उत्पन्नाचा पाचातला चार भाग परदेशातल्या संशोधकांसाठी ठेवला आणि एक भाग भारतासाठी.

आज हे वाचून कुणी म्हणेल, आपला पैसा बाहेर का? पण १९३२ चं चित्र डोळ्यांसमोर आणा. ल्युकेमियावर काम करू शकतील अशा प्रयोगशाळा तेव्हा होत्या लंडन, पॅरिस, बर्लिन, न्यूयॉर्कमध्ये. औषधच नाही म्हणून पत्नी गेली, तर औषध शोधू शकेल त्याला पैसा द्यायचा, मग तो कुठल्याही देशाचा असो. एखाद्या इंजिनियरने बिघाडाचं मूळ शोधावं तसा हा विचार आहे. हा ट्रस्ट अजून चालू आहे आणि जगभरच्या रक्तकॅन्सर संशोधकांना अजून शिष्यवृत्त्या देतो.

दुसरी इच्छा होती, रेडियम आणि क्ष-किरणांचे उपचार भारतातच मिळावेत. ती पूर्ण झालेली पाहायला दोराबजी राहिले नाहीत. पत्नीच्या समाधीला जाण्यासाठी ते युरोपला निघाले आणि वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे ३ जून १९३२ रोजी वारले. मेहरबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनाही ब्रुकवुडमध्ये पत्नीशेजारीच ठेवलं.

आणि हिरा? तो विकला गेला दोघेही गेल्यानंतर, १९३७ मध्ये, कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्यामार्फत. पैसे ट्रस्टच्या निधीत गेले. त्या निधीतून टाटा मेमोरियल हॉस्पिटल झालं, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, पुढे टीआयएफआरही झालं. त्यामुळे हिरा विकून हॉस्पिटल बांधलं हे वाक्य पूर्ण खोटं नाही. फक्त हिरा हा त्या मोठ्या निधीचा एक हिस्सा होता, आणि विकायचा निर्णय अंमलात आला तेव्हा मेहरबाई आणि दोराबजी दोघेही नव्हते.

परळ, २८ फेब्रुवारी १९४१

दोराबजींनंतर टाटा सन्सची धुरा सर नौरोजी सकलातवाला यांच्याकडे आली. रेडियम बसवलेला एखादा वॉर्ड कुठल्यातरी हॉस्पिटलला जोडावा, की कॅन्सरसाठी वेगळं हॉस्पिटल काढावं, यावर तज्ज्ञांचे सल्ले घेतले गेले. वेगळ्या हॉस्पिटलचा निर्णय झाला. १९३८ मध्ये सकलातवालाही गेले आणि जे. आर. डी. टाटांच्या काळात काम पूर्ण झालं. मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उद्घाटन केलं. तेव्हा खाटा ८०, वर्षाचं बजेट ५ लाख रुपये. जरा तुलना करायची तर ज्युबिली हिऱ्याच्या खरेदी किमतीत हे हॉस्पिटल तीन वर्षं चाललं असतं.

महायुद्ध चालू होतं, परदेशातून डॉक्टर आणि यंत्रं आणणं कठीण. हॉस्पिटल उभं केलं ते इथल्या माणसांनी. पॅथॉलॉजी विभाग सांभाळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. मूळचे गोव्याचे खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांमधला तोंडाचा कॅन्सर हा युरोपातल्या पुस्तकात नसलेला विषय, त्यावर त्यांनी काम केलं. सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जेस हेही गोव्याचे. हॉस्पिटलसमोरच्या ज्या रस्त्यावर आज रुग्णांचे नातेवाईक सतरंजी टाकून बसलेले दिसतात, त्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे.

१९५७ मध्ये हॉस्पिटल केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. कॅन्सर हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे कसं, असं अनेकांना वाटतं. किरणोपचारांचा संबंध हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या विभागाचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा. मेहरबाईंचे भाऊ जहांगीर भाभा यांचा हा मुलगा. आत्या रुथिनमध्ये गेली तेव्हा २१ वर्षांचा होमी इंग्लंडमध्येच, केंब्रिजला शिकत होता.

नर्गिस: पन्नास वर्षांनंतर तोच प्रवास

परळला हॉस्पिटल झालं म्हणून परदेशी जाणं थांबलं नाही. अभिनेत्री आणि राज्यसभा सदस्य नर्गिस दत्त यांना १९८० मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. सुनील दत्त त्यांना न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. तिथे त्या महिनोन् महिने होत्या. मायदेशी परतल्या, पण ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मेहरबाईंच्या आणि नर्गिस यांच्या काळात पैशांचे नियम पूर्ण उलटे झाले होते. विमानाने एका दिवसात न्यूयॉर्क गाठता येत होतं, पण १९७३ च्या फेरा कायद्यामुळे डॉलर मिळवणं हे वेगळंच प्रकरण होतं. घरात रुपये असले तरी ते बाहेर नेण्यासाठी परवानगी लागे.

इथेही मृत्यूनंतर हॉस्पिटलच उभं राहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८२ मध्ये नर्गिस दत्त यांच्या नावाने कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं. १९८७ मध्ये त्याच बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यांत नेमका कुठला कॅन्सर किती होतो हे मोजायला तिथून सुरुवात झाली.

आज नंदुरबारच्या घराने परदेशाचा विचार केला तर?

फेरा जाऊन फेमा आला. आता रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली कुणीही एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो. उपचारांसाठी डॉक्टर किंवा हॉस्पिटलने खर्चाचा लेखी अंदाज दिला असेल, तर त्याहून जास्तही. ठराविक मर्यादेपुढच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. तो रिटर्न भरताना जमेस धरता येतो, पण त्या क्षणी पैसे अडकतात. तिथल्या हॉस्पिटलचं पत्र आणि डिपॉझिट, मेडिकल व्हिसा, सोबत जाणाऱ्याचं राहणं-जेवण आणि परतल्यावर पुढचे तपास कोण करणार, हा सगळा हिशेब आधी मांडावा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना देशाबाहेरच्या हॉस्पिटलला लागू नाहीत.

म्हणून निघण्याआधी एकच प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावा: तिथे असं काय आहे जे इथे नाही? पुष्कळदा उत्तर येतं, तेच औषध आणि तोच प्रोटोकॉल. ल्युकेमियाच्या एका प्रकारावरचं इमॅटिनिब औषध घ्या. अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं तेव्हा ते जगभर गाजलं. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला लाखाच्या पुढे होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्यात पक्षकार होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. बाहेरून पेशंट इथे येतात ते अशाच कारणांनी.

परळला जायचं तर पैशांचं गणित वेगळं आहे, पण तेही गणितच आहे. टाटामध्ये मोठ्या संख्येने रुग्णांवर जवळपास मोफत उपचार होतात. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते न घेताच अनेक जण पूर्ण भाडं भरून नवापूर-उधनामार्गे मुंबई गाठतात. खर्च खरा वाढतो तो राहण्याचा. किरणोपचार पाच-सहा आठवडे चालतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण वर्षानुवर्षं राहत आले आहेत, पण जागा सगळ्यांना पुरत नाही. तेवढे दिवस मजुरी बुडते ती वेगळीच.

१९३१ मध्ये नंदुरबार पश्चिम खानदेशातला एक तालुका होता. तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि तिथून मुंबई तेव्हाही गाठता येत होती. पण गाठून जायचं कुठे, हा प्रश्न होता. आज रस्ता तोच आहे, आणि शेवटी परळ आहे.

मेहरबाईंच्या आजारावरचा सर्वांत नवा उपचारही आता मुंबईत मिळतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून कार-टी सेल थेरपी विकसित केली. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून, कॅन्सरशी लढायला परत सोडायच्या, अशी ही पद्धत. काही प्रकारच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती सुरू झाली. अमेरिकेत अशा उपचाराला ३ ते ४ कोटी रुपये लागतात. इथे खर्च ४० लाखांच्या आसपास सांगितला जातो, म्हणजे परदेशाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. आयुष्मान कार्डावरचं कुटुंबाचं कवच वर्षाला ५ लाखांचं आहे.